बाहेर मेपल लाल, पंचांगात हिवाळा... हायकूने कुणाचं ऐकायचं?

हेमांगी_निशिकासाई | २६ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

टोक्योत येऊन अकरा वर्षं झाली. गेली दोन वर्षं आमच्या वस्तीतल्या कोमिनकानमध्ये (आपल्याकडच्या समाजमंदिरासारखं) महिन्यातून एकदा हायकूंची बैठक असते तिथे जाते, तिला कुकाई म्हणतात. बहुतेक सगळ्या सत्तरीच्या पुढच्या आज्या, तीन आजोबा आणि मी. पद्धत फार गोड आहे. प्रत्येकाने आपली हायकू अरुंद कागदाच्या पट्टीवर लिहायची, नाव घालायचं नाही. मग पट्ट्या मिसळून वाटतात आणि ज्याच्याकडे जी येईल ती त्याने स्वच्छ अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवायची, म्हणजे हस्ताक्षरावरून कवी ओळखू येत नाही. ते कागद सगळ्यांत फिरतात, आवडतील त्या निवडायच्या, मग मोठ्याने वाचन. आपली हायकू कुणी निवडली की तेव्हा आपण आपलं नाव उच्चारायचं. दोन वर्षांत मला असं नाव उच्चारायची संधी चारदा मिळाली, आणि चारही वेळा आवाज कापरा झाला होता.

तर परवाची गोष्ट. मी दिलेली हायकू मराठीत सांगायची तर साधारण अशी:

सायकलची टोपली
नेगीच्या जुडीवर
मेपलचं लाल पान

नेगी म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा हातभर लांबीचा थोरला भाऊ. बाजारातून येताना खरंच पान येऊन पडलं होतं, मी काही रचलं नव्हतं. कुणीच निवडली नाही. सेन्सेई (बैठक चालवणाऱ्या आमच्या शिक्षिका) नंतर हळूच म्हणाल्या, 'हेमांगी-सान, मोमिजी शरदाचा शब्द, नेगी हिवाळ्याचा. एका हायकूत दोन ऋतू भांडतायत. आणि रित्तो होऊन गेला, आता हिवाळा आहे. मोमिजी हवीच असेल तर फुयु-मोमिजी म्हणा, हिवाळी मोमिजी.'

रित्तो म्हणजे ७ नोव्हेंबर, जुन्या पंचांगाप्रमाणे हिवाळा सुरू. पण अहो, टोक्योत मेपल लाल होतो तोच मुळी नोव्हेंबरच्या शेवटी! आत्ता खिडकीबाहेर भर रंगात आहे. डोळ्यांना दिसतो शरद आणि पंचांग म्हणतं हिवाळा. हायकू म्हणजे समोर दिसलं ते लिहायचं, असंच ना आपण सगळे शिकलो? मग ऐकायचं कुणाचं, खिडकीचं की पंचांगाचं?

गवती चहा | २६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

किती छान लिहिलंयस गं. ते पट्ट्यांचं वाचून तर आपल्याकडेही असं सुरू करावंसं वाटलं. ते ७२ ऋतूंचं पंचांग म्हणतात ते हेच का? जरा समजावून सांगशील?

वडापाव आणि साके | २६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

७२ ऋतू?? म्हणजे ७२ वेळा कपाट आवरायचं? इथे दोन वेळा स्वेटर काढ-घाल करताना जीव जातो :-D

हेमांगी_निशिकासाई | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

@गवती चहा, हो तेच. वर्षाचे २४ भाग, त्यांना सेक्की म्हणतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे. प्रत्येकाचे परत तीन तुकडे, म्हणजे पाचेक दिवसांचा एक 'को'. असे ७२. आणि त्यांना नुसते आकडे नाहीत, प्रत्येकाचं एक वाक्य आहे. २२ नोव्हेंबरपासूनचं होतं 'इंद्रधनुष्य लपतं'. आज २७, आजपासून 'उत्तरेचा वारा पानं झाडून नेतो'. पुढे डिसेंबरात 'अस्वल गुहेत शिरतं', नवीन वर्षाच्या दिवशी 'बर्फाखाली गहू उगवतो', आणि हिवाळ्याचं अगदी शेवटचं, जानेवारी संपता संपता, 'कोंबड्या अंडी घालू लागतात'. मी ही वाक्यं फ्रिजवर चिकटवून ठेवलीत, दर पाच दिवसांनी लेक नवीन वाचून दाखवते.

@वडापाव, कपाट दोनदाच आवरायचं, डोळे मात्र ७२ वेळा उघडायचे :-)

सप्पोरोकर | २७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

माझा सरळ विरोध नोंदवतो. हे पंचांग मुळात चीनचं, पिवळ्या नदीच्या खोऱ्यातल्या हवेवर बेतलेलं, मग ते क्योतोच्या आसपासच्या हवेला जुळवून घेतलं. जपान उभा केवढा लांब आहे बघा. मी होक्काइदोत नऊ वर्षं आहे, आमच्याकडे पहिला बर्फ बऱ्याचदा ऑक्टोबरच्या अखेरीलाच पडतो आणि एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला काळे ढीग अजून असतात. ४ फेब्रुवारीला रिश्शुन, म्हणे वसंत सुरू! त्याच आठवड्यात आमच्या सप्पोरोत बर्फाचे पुतळे करून उत्सव चालू असतो. उलट खाली ओकिनावात जानेवारीतच चेरी फुलते. मग तिकडच्यांनी आणि आम्ही क्योतोच्या जुन्या दरबाऱ्यांना विचारून हायकू लिहायच्या का? हेमांगी, तुझं पान खरं आहे. तुझी हायकूही खरी आहे. सेन्सेईंचा मान राखून म्हणतो, खिडकी.

पिंपळपान | २७ नोव्हेंबर, दुपारी २:००

सप्पोरोकरांना +१. मराठीत शिरीष पैंनी हायकू रुजवली तेव्हापासून आपण कुठे ऋतूशब्द शोधत बसलो? तीन ओळी, त्यातल्या दोन ओळींचं यमक (जे जपानीत नसतं, ते आपलं आपण घातलं), आणि एक क्षण. झालं. नियम जितके कमी तितकं बरं.

जुनं पंचांग | २७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी नाशिकचा, जपानला कधी गेलो नाही, पण पंचांगाचं गणित हा चाळीस वर्षांचा नाद, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो. काव्यातलं तुम्ही बघा.

हे २४ भाग चंद्राचे नाहीत, शुद्ध सूर्याचे आहेत. सूर्य दर १५ अंश सरकला की एक सेक्की. २७० अंशांवर तोजी, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमाराचा सर्वांत लहान दिवस. मौज इथे आहे: त्यांच्या हिशेबात तोजी ही हिवाळ्याची सुरुवात नाही, तो हिवाळ्याचा बरोब्बर मध्य. रित्तोपासून रिश्शुनपर्यंत सहा सेक्की, तीन अलीकडे, तीन पलीकडे. म्हणजे ऋतू प्रकाशावरून ठरवले, थंडीवरून नाही. आणि जमीन आणि समुद्र तापायला-निवायला वेळ घेतात म्हणून थंडी प्रकाशाच्या महिनाभर मागून येते. हेमांगीताई, तुमची तक्रार नेमकी याच महिन्याची आहे.

दुसरं, आपल्याशी असलेलं नातं. जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर होतं आणि अधिकमास काढायची रीत तर ऐकून थक्क व्हाल. २४ पैकी एकाआड एक अशा १२ सेक्कींना चूकी म्हणतात. ज्या चांद्रमासात एकही चूकी पडत नाही तो अधिक. आता आपली व्याख्या आठवा: ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक! एकच तत्त्व. फरक एवढाच की त्यांचं गणित सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेलं, आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांशी बांधलेलं. म्हणून त्यांचा तोजी २२ डिसेंबरला आणि आपली मकर संक्रांत सरकत सरकत १४ जानेवारीला गेली. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होती.

आणि सप्पोरोकर, तुम्ही म्हणालात ते जुळवून घेणं फार उशिरा झालं. ८६२ पासून जपानने चीनचं एक पंचांग आठशेवर वर्षं तसंच चालवलं, आकाशाशी दोन दिवसांचा फरक पडला तरी. मग शिबुकावा हारुमी नावाच्या माणसाने, हा मूळ 'गो' या पटावरच्या खेळातल्या घराण्यातला, वेध घेऊन नवीन पंचांग केलं, ते १६८५ मध्ये लागू झालं. ७२ कोंची वाक्यंही त्याने जपानी निसर्गाप्रमाणे बदलून घेतली.

सप्पोरोकर | २७ नोव्हेंबर, रात्री ९:०२

काका, माहितीबद्दल मनापासून आभार, प्रकाशाचा मुद्दा पटला. पण मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं 'हरणं शिंगं गाळतात' हे काय? इथली सिका हरणं शिंगं गाळतात ती वसंतात. मी जंगलात एप्रिलमध्ये गळालेलं शिंग स्वतः उचललंय, आत्ता टेबलावर आहे.

जुनं पंचांग | २७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बरोबर पकडलंत. ते वाक्य चिनी यादीतलं तसंच राहिलंय. तिथे ज्या 'मी' जातीच्या हरणाचं नाव आहे ते खरंच हिवाळ्यात शिंगं गाळतं, पण ते चीनच्या दलदलीतलं. शिबुकावाच्या हातूनही एखादं सुटलं म्हणायचं. तुमच्या टेबलावरच्या शिंगाला नमस्कार.

अनुवादवेडी | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

मला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी भांडतोय. ऋतूशब्द, किगो, हा हवामानाचा अंदाज नाहीये. ती एक किल्ली आहे. एक शब्द टाकला की त्या शब्दात आधी जे जे लिहिलं गेलं ते सगळं उघडतं. सतरा मात्रांत जागा किती असते? म्हणून कवी जागा उसनी घेतो.

उदाहरण देते, यात मी गेली तीन वर्षं अडकले आहे. शिगुरे. सुरुवातीच्या हिवाळ्यात, विशेषतः क्योतोकडे, पाच-दहा मिनिटं येऊन जाणारी सर. जपानच्या समुद्रावरून येणारं गार वारं डोंगर ओलांडताना ढगांचे तुकडे घेऊन येतं, इकडे पाऊस, चार घरं सोडून ऊन. बाशोची प्रसिद्ध हायकू आहे, १६८९ ची: 'हात्सु शिगुरे, सारु मो कोमिनो ओ, होशिगे नारि'. पहिली शिगुरे आली आणि माकडालासुद्धा गवताचा छोटा रेनकोट हवासा वाटतोय असं दिसतं. मी मराठी केलं:

पहिला शिरवा
माकडालाही हवंसं
छोटंसं इरलं

काय सुंदर जमलं असं वाटलं! शिरवा म्हणजे येऊन जाणारी सर, इरलं म्हणजे गवतापानांचं पावसाचं पांघरूण, दोन्ही शब्द अगदी मापाचे. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'वा, काय हिरवंगार आहे, श्रावण डोळ्यासमोर आला.' संपलं! शिरवा म्हटलं की आपल्याला श्रावण, इरलं म्हटलं की आषाढातली भातलावणी, चिखल, वाकलेल्या बायका. मूळ हायकूत थंडीने अंग चोरून बसलेलं माकड आहे, पानगळीचा डोंगर आहे. माझ्या शब्दांनी त्याला कोकणात नेऊन ठेवलं.

म्हणजे @पिंपळपान, मराठीतही शब्दांच्या पोटात ऋतू आहेत, आपण फक्त त्यांची यादी छापलेली नाही. 'वळीव' म्हटलं की वैशाखातला धुळीचा वास येतो की नाही? जपान्यांनी ते कोशात मांडलं इतकंच. त्यांच्या सायजिकीत, ऋतूशब्दांच्या कोशात, चार ऋतू आणि पाचवा नववर्षाचा वेगळा भाग असतो, आणि प्रत्येक शब्दाखाली आधीच्या कवींच्या ओळी.

कोरडवाहू | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

अनुवादवेडी ताई एकदम बरोबर बोललात. मी माण तालुक्यातला, सातारा. आमचे आजोबा तारीख कधी सांगायचे नाहीत, 'आर्द्रात पेरलं', 'हस्ताचा पाऊस पडला' असंच. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस म्हणजे तुमच्या त्या सेक्कीच्या जवळपासच की. आणि आमच्याकडे मृग लागला तरी बऱ्याचदा पाऊस नसतो, म्हणून काय मृगाला खोटं म्हणत नाही कोणी, मान वर करून बघत बसतो. नक्षत्र लागलं की बघायला सुरुवात करायची असते, असं ते. पण पावसाच्या नक्षत्रांएवढं हिवाळ्याचं कोणी मोजत नाही आमच्याकडे. हिवाळ्यात हरभऱ्याची आंब आठवते फक्त, रात्री हरभऱ्यावर धोतराचं फडकं पसरायचं, पहाटे दहिवरानं ओलं झालेलं पिळायचं, त्याचं ते आंबट पाणी आजी बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीला. त्या फडक्याचा गारवा हाताला अजून आठवतो.

अनुवादवेडी | २८ नोव्हेंबर, दुपारी १:०५

@कोरडवाहू, अहो ही तर हायकू आहे!

आंबेचं फडकं
पिळताना पहाटे
आजीची बोटं लाल

तुमची आहे, मी फक्त ओळी पाडल्या.

कोरडवाहू | २८ नोव्हेंबर, दुपारी १:२०

डोळ्यात पाणी आणलंत ताई. बोटं खरंच लाल व्हायची.

पिंपळपान | २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

ही वाचून मी थोडा मवाळ झालोय हे कबूल करतो. पण नियम म्हणून नको. एक विचारतो, दोन ऋतूशब्द चालत नाहीत म्हणता, मग जुना कवी बुसोन, त्याची ती नेगी आणि वठल्या झाडांची हायकू? नेगीही हिवाळ्याची, वठलेलं झाडही हिवाळ्याचं ना?

अनुवादवेडी | २८ नोव्हेंबर, रात्री ८:१५

हो, आणि छान आठवण काढलीस! 'नेगी कौते, कारेकि नो नाका ओ, काएरिकेरि'. नेगी घेऊन निष्पर्ण झाडांमधून घरी आलो, बस एवढंच. बुसोन चित्रकारही होता हे इथे दिसतं, सगळं करडं आणि मध्ये हातातली हिरवी-पांढरी जुडी. शिवाय जुडी घरी चालली आहे म्हणजे घरी चूल आहे, रात्रीचं गरम जेवण आहे. दोन किगो आहेत, पण दोन्ही एकाच ऋतूचे आणि एक दुसऱ्याला उजळतो. हेमांगीच्या हायकूत मोमिजी मागे ओढते, नेगी पुढे. सेन्सेई 'दोन ऋतू भांडतायत' म्हणाल्या ते मला तरी अचूक वाटतं. हेमांगी, रागावू नकोस.

हेमांगी_निशिकासाई | २८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

रागावते कसली, मी हे सगळं वाचून स्टेशनवर एक ट्रेन सोडली. बुसोनच्या जुडीने मला माझीच जुडी नीट दिसली.

सुवाकाठ | १ डिसेंबर, सकाळी ६:५०

उशिरा येतोय. मी नागानो भागात सुवा सरोवराच्या काठी राहतो, इथल्या एका कारखान्यात काम. आधी एक गंमत. 'कोगाराशी', झाडांना सुकवून टाकणारा वारा, हा अस्सल हिवाळी किगो. पण इथलं हवामान खातं तोक्यो आणि ओसाकाकडे 'कोगाराशी क्रमांक १' अधिकृतपणे जाहीर करतं, वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर तरी हवा वगैरे अटी लावून. आणि ओसाका-क्योतो भागासाठी तो कधीपासून कधीपर्यंत मोजायचा? सोकोपासून तोजीपर्यंत, दोन्ही जुन्या सेक्की! म्हणजे सरकारी हवामानवालेसुद्धा पंचांग उघडून बसतात.

दुसरी गोष्ट मात्र मनाला लागणारी आहे. याच खात्याने २०२१ पासून ऋतूंच्या नोंदींची यादी एकदम छोटी केली. आधी ५७ प्रकारच्या झाडाप्राण्यांची पहिली फुलं, पहिली हाक वगैरे टिपायचे, आता फक्त सहा वनस्पती उरल्या. प्राणी-पक्षी सगळे गेले. शहरात ते सापडतच नाहीत हे कारण. हे वाचल्यापासून मला ७२ वाक्यांची यादी वेगळीच वाटायला लागली. 'किजी साद घालू लागतो' (किजी म्हणजे तितराच्या कुळातला पक्षी, फेझंट) हे कागदावर तरी राहू दे.

गवती चहा | १ डिसेंबर, सकाळी ९:१५

अरेरे. सुवाकाठ, तुमच्या सरोवराबद्दल लिहा ना, देव बर्फावरून चालत जातो ते तिकडचंच ना?

सुवाकाठ | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

हो, ओमिवातारी. सरोवर पूर्ण गोठलं की रात्रीच्या थंडीत बर्फ आकसतो, भेगा पडतात, भेगांत पाणी येऊन तेही गोठतं. दिवसा ऊन लागलं की सगळं पसरतं आणि जागा नसल्यामुळे भेगेवर बर्फाच्या फळ्या उभ्या राहतात, या काठापासून त्या काठापर्यंत वेडीवाकडी रांग. लोक म्हणायचे वरच्या देवळातला देव पलीकडच्या देवीला भेटायला गेला, ही त्याची वाट. रात्री आवाजही होतो, इथले म्हातारे सांगतात, दूर कुठेतरी ढोल वाजल्यासारखा.

१४४३ पासूनच्या नोंदी आहेत, दरवर्षी झाली की नाही झाली. यात्सुरुगी देवळाचे पुजारी आणि गावकरी आजही शोकानपासून (५ जानेवारी) रिश्शुनपर्यंत रोज पहाटे काठावर जातात, पाण्याचं तापमान घेतात, बर्फ असला तर जाडी मोजतात. हा काळ म्हणजे 'कान', तीस दिवसांची ऐन थंडी. २०१८ मध्ये झाली होती, मी तेव्हा इथे नव्हतो. त्यानंतर मी काठावरून बघतोय तो फक्त पाणी. ज्या वर्षी गोठत नाही त्या वर्षालाही शब्द आहे, 'आके नो उमि', उघडा समुद्र. ओमिवातारी हा किगो आहे. आता सांगा सप्पोरोकर, मी खिडकीचं ऐकलं तर हा शब्द मला लिहिताच येणार नाही.

सप्पोरोकर | ३ डिसेंबर, रात्री १०:२५

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहाटे जाल तेव्हा इथे कळवत जा.

वडापाव आणि साके | २२ डिसेंबर, रात्री ९:१०

आज तोजी! इथे सोसायटीतल्या आजींनी सहा युझू दिले, लिंबाच्या जातीची ती पिवळी फळं. अख्खी टबात टाकून अंघोळ केली, लाल भोपळा खाल्ला. आजी म्हणाल्या, उद्यापासून दिवस रोज तातामीच्या एका विणीएवढा लांबणार. मी म्हटलं आमच्याकडे तीळ तीळ वाढतो! गुगल ट्रान्सलेटवर तीळ दाखवला तर त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

जुनं पंचांग | २२ डिसेंबर, रात्री ९:४५

चटईची वीण आणि तीळ! दोन्हीची जाडी जवळपास सारखीच असेल. वा.

अनुवादवेडी | ६ जानेवारी, दुपारी ४:००

काल शोकान लागला, 'कान'ची थंडी सुरू, म्हणून जुना हायकूकार इस्सा वाचत बसले. वडिलार्जित घराचा वाद कित्येक वर्षं सावत्र आई-भावाशी चालला, शेवटी १८१२ मध्ये पन्नाशीला टेकलेला असताना तो काशिवाबारा या आपल्या गावी परतला, तेव्हाची ही: 'कोरे गा माआ, त्सुइ नो सुमिका का, युकि गोशाकु'. पाच शाकु म्हणजे दीड मीटर बर्फ. मी असं केलंय:

बरं, म्हणजे हेच का
शेवटचं बिऱ्हाड
पुरुषभर बर्फात

'घर' लिहिलं होतं आधी. मग वाटलं घर म्हटलं की कायमचं वाटतं, बिऱ्हाड उचलावं लागतं कधीतरी. सूचना हव्यात.

सुवाकाठ | ६ जानेवारी, रात्री ८:३०

काशिवाबाराला गेलोय मी, इथून गाडीने दीडेक तास. १८२७ च्या आगीत त्याचं घर जळालं आणि उरलेल्या मातीच्या कोठारात तो राहिला, तिथेच गेला, ५ जानेवारी १८२८ ला. म्हणजे शोकानच्या सुमारासच. कोठार अजून जपून ठेवलंय. आत दिवसाही अंधार, उंबऱ्याशी उभं राहिलं की मातीचा गार वास. 'शेवटचं बिऱ्हाड' त्याला खरंच लागू पडतं, जे लिहिलं त्याहूनही लहान निघालं. फक्त 'पुरुषभर' जरा जास्त होतंय, दीड मीटर म्हणजे छातीच्या वर, गळ्यापर्यंत.

कोरडवाहू | ६ जानेवारी, रात्री ८:५५

'गळ्याइतका बर्फ' करा ताई. गळ्याशी आलं म्हणतो आपण संकटाला, तेही येईल त्यात.

अनुवादवेडी | ६ जानेवारी, रात्री ९:००

घेतलं! 'बरं, म्हणजे हेच का / शेवटचं बिऱ्हाड / गळ्याइतका बर्फ'. कोरडवाहू, तुमचं नाव अनुवादात घालणार.

पिंपळपान | २० जानेवारी, रात्री ११:१५

हेमांगी, तुझ्या मूळ प्रश्नावर एक सुचलंय. शिकी हा माणूस तर 'समोर दिसेल ते लिहा' या मताचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता, हायकू हे नावसुद्धा त्यानेच रूढ केलं. १८९६ च्या हिवाळ्यात मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळलेला, बाहेर बर्फ पडतोय, आणि लिहितो काय: पुन्हा पुन्हा विचारलं, बर्फ किती साचला. म्हणजे त्याला दिसतच नव्हता बर्फ! कागदाची सरकती दारं बंद. आई-बहीण सांगतील तेवढाच. काचेची दारं त्याच्या खोलीला लागली ती १८९९ मध्ये. खिडकीच्या बाजूने भांडणाऱ्या माझ्यासारख्याला ही हायकू कुठे बसवावी कळेना. रात्रभर तोच प्रश्न कानात.

सुवाकाठ | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

सांगितल्याप्रमाणे कळवतो. आज सेत्सुबुन, कानचा शेवटचा दिवस. पहाटे साडेसहाला काठावर होतो. थंडी उणे चार. काठाला नखाएवढी पातळ साय, पुढे सगळं पाणी, त्यावर बदकं. रोज येणारे आजोबा तापमान वहीत लिहून घेत होते. त्यांच्या हातमोज्याचं एक बोट पेन धरायला कापलेलं आहे.

आके नो उमि
वहीत आकडा लिहितो
उघडं एक बोट

पहिलीच आहे माझी. चुकलं असेल तर सांगा.

अनुवादवेडी | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

काही चुकलेलं नाही. एक अक्षर हलवू नका.

सप्पोरोकर | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

वाचली. परत वाचली. इथे आज उणे अकरा आहे, पाठवता आली असती तर पाठवली असती.

हेमांगी_निशिकासाई | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आज रिश्शुन. दोन महिने लिहिलं नाही पण रोज वाचत होते.

जानेवारीच्या कुकाईला आधीच दिलेला विषय होता 'कान-तामागो', ऐन थंडीतलं अंडं. जुन्या काळी कोंबड्या हिवाळ्यात अंडी द्यायच्याच थांबायच्या, दिवस थोडे मोठे झाले की परत सुरू, म्हणून त्या अंड्यांचं कौतुक. आता दुकानात बाराही महिने मिळतात. सेन्सेई म्हणाल्या, मग हातात घेऊन बघा गार लागतं का. घरी येऊन घेतलं, लेकीच्या हातात दिलं, तिने ते गालाला लावलं. तेच लिहिलं. तिघांनी निवडली. नाव उच्चारताना या वेळी आवाज कापला नाही.

नोव्हेंबरची जुनी हायकूही परत घेतली होती. पान काढून टाकलं. आता टोपलीत फक्त नेगी आहे, आणि ती टोपलीच्या बाहेर किती येते ते आहे.

आणि मूळ प्रश्न. आज सकाळी बाहेर पडले, बोचरा वारा, हातमोजे विसरले म्हणून परत वर गेले. मनात म्हटलं, झालं, पंचांगात वसंत आणि इथे बोटं गारठलीत. तेवढ्यात सेन्सेईंचा मेसेज आला, फेब्रुवारीचा विषय 'योकान'. कोशात बघितलं. रिश्शुननंतरही जी थंडी राहते तिचा शब्द. आणि तो वसंताच्या भागात आहे! म्हणजे मी ज्या महिन्याभराच्या अंतराची तक्रार घेऊन इथे आले होते, त्या अंतरालाच त्यांनी नाव देऊन ठेवलंय. थंडी तीच, कालपर्यंत हिवाळा म्हणून अंगावर घेतली, आज तीच वसंतातली. मी दिवसभर त्या वाऱ्यात मुद्दाम चालले, वेगळी लागते का बघायला. लागली हो.

आता लिहायची आहे आणि मराठीत विचार करायला शब्द नाही. योकानला काय म्हणाल?

गवती चहा | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४५

मागे राहिलेली थंडी?

जुनं पंचांग | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५०

शेष-शीत. फारच संस्कृत झालं, मागे घेतो.

कोरडवाहू | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

आमच्याकडे सण झाल्यावर डब्यात राहतं त्याला उरलंसुरलं म्हणतात, आणि ते जरा जास्तच गोड लागतं. 'उरलीसुरली थंडी' चालेल?

हेमांगी_निशिकासाई | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०८

चालेल काय, धावेल!